परवा बदललं

१

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला एका पाच मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबली, दार उघडायच्या आत सुटली आणि घसरत थेट तळाला जाऊन आपटली. लिफ्ट चौघांची, छोटी. आत एकच बाई होत्या, तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या, आणि सोबत पडद्यांच्या जाड कापडाची चार गाठोडी. गाठोड्यांवर पडल्या म्हणून डोकं वाचलं. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. शिलाई मशीनचं पायडल त्या उजव्या पायानेच दाबतात.

मी विमा कंपनीची तपासनीस. त्याआधी वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. लोक मोबाईलवर वाचायला लागले, छापखाना बंद पडला, आणि मी इकडे आले. काम तेच आहे, दुसऱ्याच्या चुका शोधायच्या. फरक इतकाच की तेव्हा चूक सापडली की लेखक चिडायचा, आता सगळेच चिडतात.

लिफ्ट का सुटली, यात रहस्य काही नव्हतं. ब्रेकचं लायनिंग झिजून कागदाएवढं झालं होतं. सरकारी निरीक्षकाने ते शनिवारीच पाहिलं आणि लिफ्टला सील ठोकलं. रहस्य होतं ते आदल्या दिवशीच्या रिपोर्टात. गुरुवारी चार वाजता देखभाल कंपनीचा मेकॅनिक येऊन गेला होता. हल्ली मेकॅनिक रजिस्टर भरत नाहीत. खिशातल्या मोबाईलशी बोलतात, मोबाईल बोललेलं लिहून घेतो, आणि तो मजकूर कंपनीच्या पडद्यावर आणि तिथून इमारतीतल्या प्रत्येक रहिवाशाच्या फोनवर पोचतो. गुरुवारचा मजकूर हा असा होता:

"ब्रेकचे लायनिंग परवा बदललं . लिफ्ट चालू ठेवायला हरकत नाही ."

खाली हिरवी खूण. आणि लायनिंग तर कुणी बदललेलं नव्हतं.

मेकॅनिकने खोटा रिपोर्ट दिला असेल तर त्याचं लायसन्स जाणार आणि वर पोलीस केस होणार. एकोणसाठ वर्षांचा माणूस, चौतीस वर्षं लिफ्टच्या खोल्यांमध्ये काढलेला. सगळे त्याला नाना म्हणतात. मंगळवारी फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा त्यात नानांचा जबाबही होता, आणि तो वाचून मी चष्मा पुसून परत वाचला. माणसं हात झटकतात, दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडतात, हे मला पाठ आहे. नानांनी लिहून दिलं होतं: "मी असं बोलल्याचं मला आठवत नाही. पण मीच बोललो असेन."

२

देखभाल कंपनीचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला मालकांची काचेची केबिन, दुसऱ्या टोकाला 'कंट्रोल'. कंट्रोल म्हणजे एक टेबल, एक हेडफोन, भिंतीवर मोठा टीव्ही आणि टीव्हीवर प्रत्येक मेकॅनिकच्या नावापुढे हिरवे-लाल ठिपके.

मालक चाळिशीचे, हातात दोन फोन. ऑफिसचा पत्ता त्यांनी मला मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत पाठवला होता. बोलताना एकाकडे बघतात, ऐकताना दुसऱ्याकडे.

"मॅडम, आम्ही एका वर्षात सगळं मोबाईलवर आणलं. मेकॅनिक स्वतःचाच फोन वापरतो, वेगळं यंत्र द्यायची भानगड नाही. कस्टमरला घरबसल्या दिसतं लिफ्ट कशी आहे. ट्रेंड आहे हा. रजिस्टरं मी रद्दीत घातली."

"रद्दीवाला घेऊन गेला?"

"कधीच."

"मग गुरुवारी नाना नक्की काय बोलले, ते ऐकायला मिळेल का?"

मालकांनी दोन्ही फोन टेबलावर ठेवले. "आवाज चोवीस तास राहतो. मग आपोआप पुसला जातो. जागा खातो ना. मजकूर राहतो."

"आणि मजकुरात नंतर कुणी फेरफार केला तर?"

"ते कळतं, पण मोठ्या पॅकेजमध्ये. आपलं साधं पॅकेज आहे."

फेरफार कोण करू शकतं, असं विचारलं तर त्यांनी कंट्रोलच्या टीव्हीकडे बोट दाखवलं. टीव्हीच्या कडेला कागद चिकटवला होता आणि कागदावर पासवर्ड. सगळ्या ऑफिसला मिळून एकच.

"म्हणजे तुम्ही, कंट्रोल आणि अ‍ॅपवाला."

"आणि पाठवायच्या आधी नाना स्वतः. पण मॅडम, तुम्ही उगाच खोलात शिरताय. नानांचं वय झालंय. या ठिपक्यांची त्यांना धास्ती आहे. लिफ्ट बंद ठेवली की मेकॅनिकच्या नावापुढे लाल पडतो. महिन्यात तीन लाल झाले की तो पॅनेलवरून बाहेर. नानांचे दोन झाले होते. तिसरा नको म्हणून 'बदललं' बोलून मोकळे झाले. माणूस आहे, होतं."

"मेकॅनिक स्वतः लिफ्ट बंद करत नाही का?"

"पूर्वी करायचे, पाटी लावून. आता नाही. तो फोनवर सांगतो, निर्णय कंट्रोल घेतं, इमारतीला कळवतं. मेकॅनिक पुढच्या कॉलला निघतो. वेळ वाचतो."

कंट्रोलच्या खुर्चीत तिशीची एक मुलगी बसली होती. डोळे सुजलेले. हेडफोन काढून उभी राहिली.

"मी नानांची मुलगी," तिने आधीच सांगून टाकलं. "तुम्हाला कळायचंच होतं."

घरी तिला चिमी म्हणतात, हे मला पुढे कळलं. तीन वर्षं या खुर्चीत होती. नानांनीच मालकांना शब्द टाकून लावली होती. मी विचारलं, गुरुवारी रिपोर्ट आला तेव्हा काय केलंस? हिरवा होता, पुढे गेला, असं म्हणाली. दिवसाला साठ-सत्तर येतात, प्रत्येक कुठे वाचत बसणार.

"नानांनी खोटं सांगितलं असेल, असं वाटतं तुला?"

"खोटं नाही हो." ती टीव्हीकडे बघत राहिली. "हल्ली विसरतात. अपघाताआधीच्या मंगळवारीही ते तिथे गेले होते, आवाज येतो म्हणून. त्या दिवशी दुसरीकडचं लायनिंग बदललं असेल आणि डोक्यात सरमिसळ झाली असेल. मी त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहे."

मी रस्त्यावर उतरले तोवर तिचा मेसेज आला: "नाना घरीच आहेत . बेल बिघडलीय , कडी वाजवा . जास्त ताण देऊ नका प्लीज ."

बापासाठी जीव तुटणारी मुलगी, असा शेरा मी वहीत लिहिला. तो शेरा अजून खोडलेला नाही.

३

कडी वाजवल्यावर दार उघडायला बराच वेळ लागला. आत पावलं स्वयंपाकघरापर्यंत गेली, थांबली, परत आली.

"गॅस बघून आलो," नाना म्हणाले. "बसा, ताई."

उंच, हडकुळा माणूस. हाताची बोटं जाड, तुळतुळीत. वायररोप आणि ग्रीसने रेषाच ठेवल्या नव्हत्या. ओट्याशेजारच्या भिंतीवर कागद लावला होता. त्यावर 'गॅस', 'नळ', 'कुलूप' असे रकाने, आणि शनिवारपासून प्रत्येकात बरोबरच्या खुणा. त्याच कागदाची छोटी नक्कल नानांच्या शर्टाच्या खिशात होती. दारात हत्यारांची पिशवी बांधून ठेवलेली.

"कुठे निघालात?"

"पिशवी परत करतो. हातात पाना धरायला भीती वाटते आता. पुन्हा असं काही करून ठेवलं तर?"

"गुरुवारचं जेवढं आठवतंय तेवढं सांगा."

"आठवतंय ते खरं की नाही, तेच कळत नाही ना." ते खुर्चीच्या कडेवर बसले. "मला वाटतं, मी लायनिंग पाहिलं. मापाचं लायनिंग पिशवीत नव्हतं, गोडाउनमध्ये शनिवारी येणार होतं. मी फोनला सांगितलं, परवा बदलू, तोवर बंद ठेवा. तेवढ्यात पुढच्या कॉलचा टणत्कार झाला आणि मी निघालो. पूर्वी मी स्वतः मेन स्विच पाडून पाटी लावून निघायचो. चौतीस वर्षांत पाटी लावल्याशिवाय मी कधी..." ते थांबले. "पण तिथे तर 'बदललं' लिहिलंय. मशीन कशाला खोटं बोलेल? त्याचं माझ्याशी काय वाकडं आहे?"

परवा! मी सरळ बसले. आपल्या बोलीत परवा म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि यायचा दिवसही. गुरुवारचा परवा मंगळवार, आणि गुरुवारचा परवा शनिवारही. फरक सगळा क्रियापदात. माणूस म्हणाला 'परवा बदलू', यंत्राने ऐकलं 'परवा बदललं', संपलं. कुणाचाच दोष नाही. वीस वर्षं असल्या शब्दांनी मला छळलं होतं, आता एकदा तरी उपयोगी पडत होते.

"नाना, रिपोर्ट पाठवण्याआधी वाचलात?"

"वाचतो कुठला. चष्मा पिशवीत. आणि मला या काचेवर काही करता येत नाही, ताई. माझं बोट याला लागतच नाही. हे बघा." त्यांनी स्वतःच्या फोनवर अंगठा दाबला, बोट दाबलं, फोन ढिम्म. मग बोट दुमडून पेराने टकटक केलं तेव्हा अ‍ॅपमधलं माइकचं मोठं बटण उमटलं. "एवढं एक बटण जमतं. चिमीने फोनला कुलूपही ठेवलेलं नाही त्यासाठी."

निघताना ते माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले, मग एकदम मागे वळले. "गॅस बघतो," म्हणाले. पाच मिनिटांपूर्वी पाहिला होता आणि मधल्या वेळात चहासुद्धा ठेवला नव्हता. मला त्या माणसाची फार दया आली, आणि परवाची युक्ती हाताशी आहे याचा आनंदही झाला.

तो आनंद दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला.

४

अ‍ॅपवाला दाढीवाला, हसतमुख, आणि बोलायला एकदम घरगुती. त्याचे मेसेज मात्र वर्तमानपत्रातून कापल्यासारखे. "जेवण झाले की येतो. तुमचे काम दहा मिनिटांचे आहे." असं कळवून तो पोचला तो "सॉरी हां, ट्रॅफिकने पार वाट लावली" म्हणत.

"तू टाइप करत नाहीस वाटतं," मी म्हटलं.

"छे! सगळं बोलतो. टाइप करणं जुनं झालं, मॅडम. पाच वर्षांत कीबोर्ड दिसणार नाही."

मी माझी युक्ती त्याच्यापुढे मांडली. त्याला राग आला नाही, उलट खूश झाला. "करून बघू या की," म्हणाला आणि फोन माझ्या पुढ्यात धरला.

मी म्हटलं, "परवा बदलू." पडद्यावर उमटलं: 'परवा बदलू.'

मी म्हटलं, "परवा बदललं." पडद्यावर उमटलं: 'परवा बदलले.'

दहा वेळा करून पाहिलं. हळू बोलले, भरभर बोलले, तोंडावर रुमाल धरला, शेजारी पंखा लावला. एकदाही गल्लत नाही.

"बघितलं? क्रियापदात आमचं यंत्र कधी चुकत नाही. शिवाय नीट शुद्ध लिहितं. मालकांची अटच होती, रिपोर्ट कागदी मराठीत हवा, सोसायट्यांचे चेअरमन वाचतात म्हणून."

मी वही मिटली. यंत्र चुकलं नव्हतं. म्हणजे नाना 'बदललं'च म्हणाले होते. एक तर खोटं बोलले, नाहीतर खरोखरच डोकं दगा देत होतं. दोन्हीत माणूस संपत होता, आणि ते सिद्ध करायला मीच गेले होते. स्वतःला चांगलं फटकारावं असं वाटलं.

त्या क्षणी माझ्यासमोर उत्तर लिहिलेलं होतं, दहा वेळा लिहिलेलं होतं. वीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या बाईला ते दिसलं नाही.

५

टेलरबाईंचा जबाब राहिला होता म्हणून हॉस्पिटलमध्ये गेले. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला, जीभ मात्र धडधाकट.

"मी एरवी जिन्यानेच जाते," त्या म्हणाल्या. "आठवडाभर लिफ्ट कुरकुरत होती, मला ऐकू येत होतं ना. पण चार गाठोडी! म्हटलं, फोनमध्ये बघू. हिरवी खूण होती. खाली लिहिलेलं वाचलंसुद्धा. फोन म्हणतोय चांगली आहे, तर मी कोण शहाणी? बसले."

"काय वाचलंत?"

त्यांनी उशीखालून फोन काढला, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "ब्रेकचे... लायनिंग... परवा... बदललं." मग नाक मुरडलं. "त्या दिवशीही मी इथे अडखळले होते बघा. सुरुवात पेपरातल्यासारखी आणि शेवट आपण बोलतो तसा. जुन्या ब्लाउजला नवी बाही लावावी तसं. शिवण दिसते."

मी त्यांच्या हातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"अहो, काय झालं?"

"बाई, तुम्ही माझ्या छापखान्यात हव्या होतात," मी म्हटलं.

बाहेर येऊन अ‍ॅपवाल्याला फोन लावला. नानांचे वर्षभरातले सगळे रिपोर्ट शोध, म्हटलं, आणि मला एकच सांग: झालं, केलं, बदललं असे टिंब देऊन संपणारे शब्द त्यात किती आहेत. त्याने शोधलं. दोनशे बारा रिपोर्ट होते. असा शब्द एक.

मग मी माझ्याच फोनमधले या आठवड्यातले मेसेज उघडून बसले, आणि दुसऱ्याच मिनिटाला मला तो फोन बंद करून ठेवून द्यावासा वाटला.

६

संशयितांना एका खोलीत जमवायची मला हौस नाही. पण त्या ऑफिसात खोलीच एक होती. मालक केबिनच्या दारात टेकले, अ‍ॅपवाला टेबलावर बसला, चिमी तिच्या खुर्चीत. नाना हत्यारांची पिशवी परत करायला आले होते, ते पिशवी पायाशी घेऊन भिंतीलगत उभे राहिले.

"हे वाक्य बघा," मी म्हटलं. भिंतीवरच्या टीव्हीवर गुरुवारचा रिपोर्ट लावायला सांगितला होता. "'ब्रेकचे' असं सुरू होतं आणि 'बदललं' असं संपतं. बोलताना आपण 'ब्रेकचं, बदललं' म्हणतो. कागदावर 'ब्रेकचे, बदलले' लिहितो. एकाच वाक्यात दोन्ही कुणी करत नाही. या अ‍ॅपचं यंत्र तर नाहीच नाही. तुम्ही 'बदललं' म्हणा नाहीतर ओरडा, ते 'बदलले'च लिहिणार. मालकांनीच तसं सांगून ठेवलंय."

"बरोबर," अ‍ॅपवाला म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अरेच्चा!"

"म्हणजे 'ब्रेकचे लायनिंग परवा' इथपर्यंत यंत्राने लिहिलं, नानांचं ऐकून. पुढचं बोटाने टाइप केलंय. आता विचार करा. नाना खरंच 'बदललं' म्हणाले असते, तर यंत्राने 'बदलले' लिहून टाकलं असतं. मग कुणाला तिथे बोट लावायची गरजच काय होती? जे पुसलं ते 'बदलले' नव्हतं. परवाच्या पुढे दुसरंच काहीतरी होतं, आणि परवाच्या पुढे काम झालेलं नसेल तर व्हायचं असतं."

नाना पुढे आले.

"म्हणजे मी 'बदलू' म्हणालो होतो?"

"हो."

"'तोवर बंद ठेवा', हेही?"

"ते पुसलंय, त्यामुळे शपथ घेता येणार नाही. पण माझी खात्री आहे, नाना."

"म्हणजे माझं डोकं जागेवर आहे?"

"माझ्यापेक्षा जागेवर आहे. मला दोन दिवस लागले."

नाना हसले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी मनगटाने पुसलं. शर्टाच्या खिशातून तो खुणांचा कागद काढला, बघितला, चुरगळला. "अगं चिमे, ऐकलंस का!" ते लेकीकडे वळून म्हणाले. "डॉक्टरची गरज नाही. मी बोललो होतो! मी बरोबर बोललो होतो!"

तोवर कुणी विचारलं नव्हतं ते मग त्यांनीच विचारलं. "पण मग हे टाइप कोणी केलं?"

मला बोलणं भाग होतं. नानांचं बोट काचेला लागत नाही. मालक मराठी लिहितात ते इंग्रजी अक्षरांत, त्यांच्या फोनमध्ये मराठी कीबोर्डच नाही. अ‍ॅपवाला सगळं बोलून लिहितो, त्याच्या मेसेजमध्ये शब्दाच्या शेवटी टिंबाचं नावही सापडत नाही. राहिलं एकच माणूस. आणि त्या माणसाला पूर्णविरामाच्या आधी जागा सोडायची सवय आहे. रिपोर्टात दोन्ही पूर्णविराम शब्दापासून सुटे आहेत. माझ्या फोनमधल्या एका मेसेजमध्ये तीन पूर्णविराम आणि एक स्वल्पविराम तसेच आहेत. मी तो मेसेज उघडून फोन टेबलावर ठेवला. 'नाना घरीच आहेत .' एवढं वाचून मालकांनी मान फिरवली.

"मी केलं, नाना," चिमी म्हणाली.

"रिपोर्ट आला तेव्हा बंद ठेवायचं लिहिलं होतं. बंद केलं असतं तर तिसरा लाल पडला असता तुमचा. एक वर्ष राहिलंय तुमचं. मालक काढायच्या माणसांची यादी करत होते, मी बघितली होती. म्हटलं, शनिवारी तुम्ही बदलणारच आहात. मधे एकच दिवस. आठवडाभर चालतेय, एक दिवस चालेल." ती भरभर बोलत होती, कुणी मधे बोलेल याची वाट बघत असल्यासारखी. "शुक्रवारी तीनला फोन आला. तुमचा आवाज चारपर्यंत होता इथे. तासभर होता. मी तो उतरवून ठेवू शकले असते. मी घड्याळाकडे बघत बसले."

"आणि मग मला सांगितलंस, तुम्ही विसरता," नाना म्हणाले.

"घाबरले हो मी."

"लाल पडला असता तर पडला असता." नानांचा आवाज चढला नाही. "नोकरी गेली असती तर घरी बसलो असतो. त्या बाईंचा पाय मोडलाय, चिमे. आणि चार दिवस मी गॅसपाशी उभा राहतोय. बटण बंद दिसतंय, तरी डोळ्यांवर विश्वास नाही म्हणून हात लावून बघतोय. तू शेजारी उभी राहून बघत होतीस. खुणा करायला पेन तू आणून दिलंस."

चिमीने तोंडावर हात घेतला आणि रडायला लागली. मालक म्हणाले, पाणी आणतो, आणि आणायला गेले नाहीत. मला त्यांचाही राग आला होता. ते ठिपके आणि ती यादी त्यांची होती. माझ्या अहवालात त्यासाठी रकाना नाही, म्हणून मी ते वेगळ्या पानावर लिहिलं आणि पान अहवालाला जोडलं.

"मला तिचा जबाब लागेल," मी म्हटलं. "आत्ताच."

तिने फोन घेतला, पण एक अक्षर धड उमटेना. नानांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. बोट दुमडलं, पेराने माइकचं बटण दाबलं आणि फोन तिच्या तोंडापुढे धरला.

"टाइप नको करूस," ते म्हणाले. "बोल."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"नाना परवा बदलू म्हणाले होते," ती म्हणाली. "ते मी बदललं."

पडद्यावर अक्षरं उमटली. नानांनी पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांना लावला आणि फोन लांब धरून सावकाश, प्रत्येक शब्दाखाली बोट नेत वाचलं:

'नाना परवा बदलू म्हणाले होते. ते मी बदलले.'

"आता बरोबर लिहिलंय," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.